‘हे बरोबर आहे कशावरून?’

पत्र: ‘मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यात जकार्डची नक्षी काढतो. मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला नेटवर्क डिझाइनमध्ये जायचंय. पुण्यात एका मुलाखतीत चार मजले, 300 माणसं असं ऑफिस देऊन नेटवर्क आखायला सांगितलं. तिनं आकृती काढली. मग विचारलं, “हे बरोबर आहे कशावरून?” ती गप्प बसली. आता एक क्लासवाले सहा सर्टिफिकेटांचं पॅकेज गळ्यात मारतायत. घ्यावं का? सोलापुरात राहून हे जमेल का?’ – एक पालक, सोलापूर

नमस्कार.

पॅकेज घेऊ नका. तिचं अडलं ते सर्टिफिकेटावाचून नाही.

नक्षी ग्राफवर कितीही देखणी उतरली तरी तुम्ही लगेच शंभर चादरींचा माल मागावर चढवत नाही. आधी नमुना विणून बघता. त्या साहेबांनी मुलीकडे नमुनाच मागितला होता, आणि तिच्याजवळ फक्त ग्राफ होता. खरं तर आकृतीच्याही आधी तिनं उलट प्रश्न विचारायला हवे होते. 300 माणसं म्हणजे लॅपटॉप आणि मोबाइल धरून 600 उपकरणं. प्रत्येकाला नेटवर्कवर एक पत्ता लागतो, आणि /24 च्या एका सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या नेहमीच्या आकाराच्या एका तुकड्यात, 254 पत्तेच मिळतात. दोन वर्षांनी माणसं वाढणार का? काय बंद पडलेलं चालेल, आणि किती वेळ? ‘नेट चांगलं चाललं पाहिजे’ ही गरज तपासता येत नाही. ‘एक केबल तुटली तर बिलिंग पाच सेकंदांत परत सुरू’ ही येते. अशा प्रत्येक गरजेसमोर त्या गरजेची चाचणी आणि पास-नापासाचा आकडा लिहिलेला कागद मुलाखतीत पुढे ठेवला असता, तर गप्प बसायची वेळ आली नसती.

तो कागद तिनं सोलापुरातच तयार करावा. तुमच्या मालकांना विचारा, कारखान्याचं नेटवर्क कागदावर आखू द्याल का? त्यांचा एक रुपया खर्च होणार नाही. तिथं तिला पुस्तकाबाहेरच्या गोष्टी भेटतील. समजा 32 कॅमेरे आहेत, प्रत्येकी 4 एमबीपीएस. झाले 128, जुन्या 100 एमबीपीएसच्या स्विचची, म्हणजे सगळ्या केबली जिथं जोडतात त्या डब्याची, लिंक तिथंच तुंबते. किंवा 24 कॅमेऱ्यांना स्विचमधूनच वीज द्यायची आहे. दिवसा प्रत्येकी 5 वॅट, म्हणजे 120. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की 9 वॅट, म्हणजे 216. स्विच 180 वॅटच देऊ शकत असेल तर दिवसभर सगळं झकास, आणि नेमके रात्री, चोराच्या वेळेला, काही कॅमेरे बंद! शिवाय सुताची धूळ पंख्यात बसते आणि मे महिन्यातलं सोलापूर तुम्हाला मी काय सांगू. ऑफिसात ठेवायचे बरेच स्विच 40-45 अंशांपर्यंतच्याच हवेसाठी बनवलेले असतात. ते शेडमध्ये कुठे बसवायचे, हाही डिझाइनचाच भाग.

नमुना विणायला सिस्को कंपनीचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवरच लुटुपुटीचं नेटवर्क उभारायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी ठेवलेली नेटवर्कं), राउटिंग (एका नेटवर्कातून दुसऱ्यात जायची वाट), पत्त्यांची वाटणी त्यात तपासता येते. खऱ्या लोडचा अंदाज मात्र त्यातून घेऊ नये. पुढे जीएनएस3 हे त्याच कामाचं, पण वरच्या पायरीचं सॉफ्टवेअर शिकावं. आणि मग मुद्दाम मोडतोड करावी. पिंग, म्हणजे पलीकडचं उपकरण उत्तर देतंय का हे सतत विचारणारी आज्ञा, चालू ठेवून दोन स्विचमधली केबल काढायची, किती सेकंद खंड पडला ते लिहायचं. एक वाट तुटली की राखीव वाट चालू करणारी स्विचमधली व्यवस्था म्हणजे स्पॅनिंग ट्री; तिच्या जुन्या प्रकाराला सावरायला 30 ते 50 सेकंद लागतात. रॅपिड प्रकार लावून तीच केबल पुन्हा काढायची. आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी लिहिला की ‘कशावरून?’चं उत्तर तयार झालं.

परीक्षा म्हणाल तर सध्या एकच, सिस्कोची नेटवर्किंगची पायाभूत परीक्षा सीसीएनए, आणि तीही नोकरी शोधायच्या तोंडावर द्यावी, कारण ती तीनच वर्षं टिकते. सिस्कोचीच डिझाइनची वेगळी परीक्षा आहे, 300-420 क्रमांकाची. ती दोन-चार वर्षं हात काळे झाल्यावर.

हात काळे म्हणजे खरोखरच. डिझाइनर म्हणून कुणी पहिल्या दिवशी घेत नाही. सुरुवात केबलिंग, सपोर्ट नाहीतर नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोल रूमपासून होते, आणि तिथं रात्रपाळी असते. मुलगी म्हणून तुमच्या पोटात गोळा येईल, मी समजू शकतो. घरी नेण्या-आणण्याची गाडी आहे का, हे तिला मुलाखतीतच विचारू द्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सोलापुरात इस्पितळं, कॉलेजं, कारखाने यांची नेटवर्कं बसवणारे व्यावसायिक आहेत. त्यांच्याकडे पहिलं वर्ष काढता येईल. मोठी कामं पुण्यातच. तिकडे जावं लागेल असं धरून चाला. तोवर मुलाखतीला सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस आहेच, रात्री घरी.

तुम्ही उद्या मालकांशी बोला. आणि मुलगी आली की ऑफिसपासून गोदामापर्यंतचं अंतर केबल जाईल त्या वाटेनं टेप लावून मोजायला सांगा. तांब्याची केबल 100 मीटरपर्यंतच, पुढे फायबर. ‘असेल ऐंशीएक मीटर’ असं कुणी म्हणालं तरी टेप लावायचीच.