घरी रेकॉर्ड केलेल्या गाण्याचं ऑनलाइन ऑटोमॅटिक मास्टरिंग करून घ्यावं का?

मिक्स (सगळे ट्रॅक एकत्र केलेलं गाणं) तयार आहे, स्टुडिओत मास्टरिंगला, म्हणजे रिलीजआधी गाण्याचा एकूण आवाज शेवटचा नीट करायला, द्यायचं बजेट नाही, तर वेबसाइटवर फाइल टाकून दोन मिनिटांत मिळणारा मास्टर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल. पण तो मास्टर हातात आल्यावर लगेच रिलीज करू नका, त्याच्यावरून आपलं मिक्स तपासा. मला तरी या सेवांचा खरा उपयोग तिथेच झाला.

मी आईचे तीन अभंग घरी रेकॉर्ड केले होते. पंखा बंद, दाराला गोधडी, तबला आधी वाजवून घेतला आणि त्यावर आईचा आवाज. मिक्स एका साइटवर चढवलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला, म्हटलं झालं काम! मग आईला ऐकवलं. ती म्हणाली, "मी अशी दम लागल्यासारखी म्हणते का रे?"

बरोबर होतं तिचं. लिमिटरने (आवाजाची टोकं अडवून बाकीचं मोठं करणारं साधन) सगळं वर ओढताना तिचे श्वास, पेटीच्या भात्याची खसखस, झालंच तर भिंतीवरचं घड्याळसुद्धा वर आणलं होतं. टाळ तर कानात टोचत होते. आणि नीट ऐकल्यावर लक्षात आलं, तबल्यावर 'धा' पडला की आईचा आवाज किंचित मागे सरकतोय. साइटच्या कॉम्प्रेसरला (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) आवाज आणि तबला वेगळे दिसत नाहीत, त्याला दिसते ती एकच स्टिरिओ फाइल. डग्ग्याचा घुमारा आला की तो सगळंच दाबतो, त्यात गाणारं माणूसही दाबलं जातं.

हे मास्टरिंगमध्ये दुरुस्त होत नाही, मिक्समध्येच परत जावं लागतं. मी डग्गा जेमतेम 3 डेसिबल खाली घेतला, पेटीचा खालचा गाळ इक्यूने (खर्जातला-वरचा आवाज वेगवेगळा कमीजास्त करणारं साधन) कापला, श्वास हाताने एकेक करून कमी केले (कंटाळवाणं काम आहे, एक रविवार गेला). पुन्हा त्याच साइटवर टाकलं, या वेळी इंटेन्सिटी, म्हणजे साइटने लावायचा जोर, सर्वांत कमी ठेवून. मास्टर एकदम सरळ आला.

पहिल्यांदा मी फसलो ते आवाज मोठा होता म्हणून. मोठं ते कानाला चांगलंच वाटतं. म्हणून मूळ मिक्स आणि मास्टर एकाच पातळीवर आणून आलटून पालटून ऐका. यूलीन नावाचा लाउडनेस मीटर फुकट मिळतो, त्याने पातळी मोजता येते. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे -14 एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं मोठं) गाणी आणून वाजवतं, त्याहून मोठं दिलं तर ते खालीच ओढलं जातं. म्हणजे -8 पर्यंत ठोकून घेतलेला मास्टर तिथे मोठा वाजत नाही, नुसता चपटा वाजतो. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत उंच टोक, -1 डेसिबलच्या खाली ठेवा.

फाइल 24 बिट वेव्ह द्या, एमपी3 नको. मास्टर बसवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तो शेवटचा चॅनल) लिमिटर असेल तर काढा, नाहीतर दाबलेलंच पुन्हा दाबलं जाईल.

लँडर ही साइट 2014 पासून हेच करतेय, बँडलॅबवर तर पैसेही पडत नाहीत. गिटार आणि आवाज एवढंच असेल, डेमो असेल, घरच्यांना पाठवायचं असेल, तर बिनधास्त वापरा. आलाप-बडा ख्याल असेल तर मी नाही वापरणार. सुरुवातीचा हलका षड्ज आणि शेवटची तान यांतलं अंतर हीच तिथली गंमत असते, आणि ते अंतर कमी करणं हेच या यंत्राचं काम.

तुमच्या गाण्यात ढोलकी किंवा तबला असेल तर रिलीज करण्याआधी एकदा डग्ग्याचा ट्रॅक म्यूट करून मास्टर काढून बघा. आवाज एकदम मोकळा झाला, तर चोर सापडला.