कन्नड ‘वार’, मराठी ‘वार’

प्रश्न : मी निपाणीत बिड्या वळते. सकाळी तास-दीड तास बोटं मुडपत नाहीत. डॉक्टरांनी आमवात सांगून मेथोट्रेक्सेट दिलं. औषधाच्या दुकानात ‘वारक्के ओंदु’ म्हणाले, म्हणून पाच दिवस रोज एक गोळी घेतली. आता तोंड आलंय, काही गिळवत नाही.

उत्तर : ताई, तुम्हाला फोनवर लगेच दवाखान्यात पाठवलंच; इथं छापतोय ते इतरांसाठी. कन्नडमध्ये ‘वार’ म्हणजे आठवडा, आपला ‘वार’ म्हणजे दिवस. ‘वारक्के ओंदु’ म्हणजे आठवड्याला एक. आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर हाडांच्या मगजात रक्तपेशी तयार होणं मंदावतं. तोंडातले फोड ही पहिली खूण. पुढं ताप, जंतुसंसर्ग, आणि जिवावरही बेततं. फोलिनिक ॲसिड हा उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

म्हणून औषध पुन्हा सुरू झालंच, तर एकच वार ठरवा, समजा बुधवार, आणि पाकिटावर घरच्यांकडून मराठीत लिहून घ्या. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी. रक्ताची आणि यकृताची तपासणी चुकवू नका. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, या औषधावर गरोदर राहणं चालत नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे तेवढे सोडा. तुमची शक्ती कमी नाही, ती भलतीकडे वळली आहे. राखणदारच सांध्यांचं अस्तर कुरतडतोय. आणि बिडी ओढत असाल तर तीही सोडा, धूम्रपानानं आमवात बळावतो.

प्रश्न : खानापूरजवळच्या गावात राहतो. नऊ वर्षांच्या मुलीला मधुमेह निघाला. आजी म्हणते, कुंदा (दुधाची मिठाई) फार खाल्ला म्हणून.

उत्तर : आजींना सांगा, कुंद्याचा दोष नाही. हा टाइप १. शरीराच्या संरक्षक पेशींनीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशी मुलं फार जगत नसत. ताप असो वा उलट्या, इन्सुलिन स्वतःहून बंद करायचं नाही. जडीबुटीवाल्यानं ‘सुई सोडवतो’ म्हटलं तर त्याला अंगणातूनच परत पाठवा.

प्रश्न : नातू दहा महिन्यांचा. दोनदा न्यूमोनिया, कान सतत वाहतो. माझा एक मुलगाही असाच तान्हेपणी गेला. (चिकोडी)

उत्तर : नातू मुलीचा की सुनेचा, हे तुम्ही लिहिलं नाही, आणि तेच महत्त्वाचं. मुलीचा असेल, तर मामा आणि भाचा दोघंही आजारी पडणं ही मोठी खूण आहे. काही जन्मजात दोष आईकडून येतात आणि मुलग्यांनाच भोवतात. १९५२ मध्ये डॉ. ब्रुटन यांनी वर्णन केलेल्या अशाच एका दोषात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिनं, बनतच नाहीत. आईची प्रतिपिंडं पहिले सहा महिने पुरतात, मग दुखणी सुरू होतात. रक्तातल्या इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे याच प्रतिपिंडांची, पातळी तपासून घ्या. निदान ठरेपर्यंत जिवंत जंतूंच्या लसी डॉक्टरांना विचारूनच. निदान झालं तर दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून प्रतिपिंडं देता येतात.