पेशंट काउन्सेलिंगचा ऑनलाइन कोर्स करू का?

प्रश्न : डी.फार्म. करून मेडिकल चौकाजवळच्या एका मेडिकलमध्ये काउंटरवर आहे. पेशंट काउन्सेलिंगचा ऑनलाइन कोर्स करायचा विचार आहे. मालक म्हणतात, गर्दीत बोलायला वेळ कुठाय? बाबा म्हणतात, त्यापेक्षा बी.फार्म. कर. काय करू?

उत्तर : मालकांचं आधी निकालात काढू. औषध देताना पेशंटला नीट समजावणं हे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार फार्मासिस्टचं कामच आहे. गर्दी असतेच, पण प्रत्येकाला कुठे समजवायचंय? सर्दीच्या गोळीला भाषण नको. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट नेणाऱ्याला मात्र थांबवायचंच. ती गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. इन्सुलिन नेणाऱ्याला विचार, घरी कसं नेणार? नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवलं, तर घरी पोचेपर्यंत औषध बाद व्हायचं. थायरॉइडची गोळी ‘उपाशीपोटी’ सांगितली की लोक पोळी खात नाहीत, पण चहा घेतातच. म्हणून ‘आधी गोळी, अर्ध्या-एक तासाने चहा’ असंच सांगायचं.

आता कोर्स. नुसते व्हिडिओ आणि शेवटी एमसीक्यू असतील तर पैसे वाचव. तेवढं पुस्तकातही आहे. लाइव्ह रोल प्ले हवा. समोरचा दम्याचा पेशंट होणार, तू इनहेलर समजावणार: आधी श्वास पूर्ण सोडा, पंप दाबताना सावकाश आत ओढा, दहा सेकंद रोखा; स्टेरॉइडचा असेल तर चूळ भरा. मग ‘आता तुम्ही करून दाखवा’ म्हणायचं, आणि इथेच बहुतेकजण चुकतात. शिकवणाऱ्याने ती चूक तिथल्या तिथे पकडायला हवी. शिवाय कोर्स इंग्रजीत असला तरी हे सगळं तुला वऱ्हाडीत आणि हिंदीत बोलता आलं पाहिजे.

प्रमाणपत्र आणलं म्हणून रिटेलमध्ये पगार वाढेल, या भ्रमात राहू नकोस. नोंदणीच्या नूतनीकरणाला लागणारा रिफ्रेशर कोर्सही वेगळा. हा त्यात धरतात का, ते फार्मसी कौन्सिलला विचारून घे.

बाबांचंही खोटं नाही. ड्रग इन्स्पेक्टर व्हायचं तर पदवी लागतेच, आणि डी.फार्म.वरून बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पण ती तीन वर्षांची गोष्ट, हा कोर्स नोकरी सांभाळून होईल. फी भरण्याआधी एका लाइव्ह तासाला बसू द्या म्हण. नाही म्हणाले तर दुसरा शोध.