सर्किटची आकृती फाटते कुठे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : सर, किकॅड या सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये माझं सर्किट स्क्रीनवर झकास दिसतं. स्निपिंग टूलने कापून पॉवरपॉइंटमध्ये टाकलं की फाटतं. प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन जवळ आलंय. चांगला मॉनिटर घ्यावा लागेल का?
– डिप्लोमा तिसरं वर्ष, सांगली

मॉनिटरवर पैसे घालू नकोस. स्निपिंग टूलला सर्किट वगैरे काही कळत नाही, ते त्या क्षणी स्क्रीनवर असलेले ठिपके उचलतं. तुझं सर्किट स्क्रीनवर ८०० पिक्सेल रुंद होतं, तर तुझ्या हाती ८०० पिक्सेलच आले. १९२० पिक्सेलच्या प्रोजेक्टरवर ते ताणले की फाटणारच. त्यात वायर जेमतेम एक-दोन पिक्सेल जाडीची असते. चित्राचा कोपरा धरून तू ते थोडं लहान-मोठं केलंस की ती रेघ नेमकी पिक्सेलवर न पडता दोन पिक्सेलांच्या मध्ये पडते. मग शेजारशेजारच्या दोन वायर बघ : एक काळी, दुसरी करडी आणि जाड, आणि रेझिस्टरच्या नागमोडीतलं एखादं टोक गायब.

सर्किट म्हणजे रेघा. त्या शेवटपर्यंत रेघाच राहू द्यायच्या. किकॅडच्या स्कीमॅटिक एडिटरमध्ये फाइल मेनूत ‘प्लॉट’ आहे, तिथे एसव्हीजी (ठिपक्यांऐवजी रेघाच साठवणारा फाइलचा प्रकार) निवड. ‘प्लॉट ड्रॉइंग शीट’ची टिकमार्क काढ, नाहीतर पानाची किनार आणि कोपऱ्यातली नाव-तारखेची चौकटही सोबत येते. रंगांऐवजी ‘ब्लॅक अँड व्हाइट’ घे. किकॅडच्या हिरव्या वायर मॉनिटरवर बऱ्या वाटतात, पण पडदे नसलेल्या वर्गात दुपारी तीन वाजता प्रोजेक्टरवर त्या कुणालाच दिसत नाहीत.

अजून एक काम राहतं. प्लॉट केलेल्या फाइलमध्ये अख्खं ए-४ पान असतं, सर्किट मध्ये आणि भोवती रिकामी जागा. ती फाइल इंकस्केप या रेघांच्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघड, सगळं निवड आणि कंट्रोल-शिफ्ट-आर दाब. पान सर्किटच्या मापाचं होतं. सेव्ह करून पॉवरपॉइंटमध्ये ‘इन्सर्ट’मधून ते चित्र घाल. ऑफिस २०१९ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर एसव्हीजी सरळ चालतं. कॉलेजच्या लॅबमध्ये त्याहून जुनं ऑफिस असेल (असतंच!) तर इंकस्केपमधूनच ईएमएफ (रेघा रेघाच ठेवणारा जुना प्रकार) म्हणून सेव्ह कर. प्रेझेंटेशन ज्या मशीनवर द्यायचंय त्यावर आदल्या दिवशी एकदा उघडून बघ.

प्रश्न : एलटीस्पाइस या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमधून घेतलेल्या सर्किटच्या मागे राखाडी रंग येतो आणि ग्राफ तर काळाकुट्ट. रिपोर्ट प्रिंट केला की शाई नुसती वाया.
– बीई विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

‘कलर प्रेफरन्सेस’मध्ये सर्किट आणि वेव्हफॉर्म दोन्हींची पार्श्वभूमी पांढरी करा. मात्र ग्राफच्या रेघांचे मूळ रंग काळ्यावर उठून दिसावेत असे ठेवलेले आहेत. पांढऱ्यावर फिकट हिरवी रेघ हरवते, तेव्हा तेही रंग गडद करून घ्या. सेटिंगमध्ये ग्राफच्या रेघा जाड करायची सोय आहे, ती चालू ठेवा. टूल्स मेनूत बिटमॅप कॉपी करता येतं आणि ईएमएफ फाइलही लिहिता येते. त्यातली दुसरी सोय वापरा.

प्रश्न : मी एसव्हीजीच वापरते. कितीही झूम केलं तरी काठ स्वच्छ. तरी मागच्या बाकावरची मुलं म्हणतात, ‘मॅडम, काही दिसत नाही.’ आता काय कमी पडतंय?
– प्राध्यापिका, अभियांत्रिकी महाविद्यालय, नागपूर

तुमच्या फाइलमध्ये काही खोट नाही. अक्षरं बारीक आहेत, एवढंच. स्वच्छ दिसणं आणि वाचता येणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि एसव्हीजी फक्त पहिली मिटवतं.

हिशेब करून बघू. किकॅडमध्ये अक्षरांची मूळ उंची ५० मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे १.२७ मिलिमीटर असते. ए-४ आडवं पान २१० मिलिमीटर उंच, आणि पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड ७.५ इंच, म्हणजे १९०.५ मिलिमीटर. पूर्ण पान स्लाइडवर बसवलं की अक्षर उरतं साधारण १.१५ मिलिमीटर, म्हणजे साडेचार-पाच पॉइंटांच्या आसपास (फॉन्टच्या पॉइंटांत अक्षराच्या वर-खालची जागाही धरलेली असते). एरवी आपण स्लाइडवर पाच पॉइंटात कधी काही लिहू का? वर्डमध्ये तर हाल आणखी वाईट. समासांच्या आत १६० मिलिमीटर जागा, त्यात २९७ मिलिमीटरचं पान कोंबलं की ‘आर-१२’ हे अक्षर पाऊण मिलिमीटरही राहत नाही.

उलट बाजूने मोजा. पानाचा ७५ बाय ५० मिलिमीटरचा तुकडा स्लाइडभर केला तर तीच अक्षरं १९-२० पॉइंटांची होतात. मथळ्याला जागा सोडली की थोडी कमी. म्हणजे एका स्लाइडवर सर्किटचा एवढाच भाग मावतो, आणि खरं सांगायचं तर एका वेळी समजावून सांगायलाही एवढाच पुरतो. ५५५ टायमरचं अस्टेबल (आपोआप चालू-बंद होत राहणारं) सर्किट शिकवताना दोन रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि आयसीच्या २, ६, ७ नंबरच्या पिन दिसल्या की काम झालं. पुढचा रिले, ट्रान्झिस्टर, डायोड पुढच्या स्लाइडवर येऊ देत.

पूर्ण सर्किट दाखवायचंच असेल तर आधी ब्लॉक डायग्राम द्या. मग पूर्ण आकृती ठेवा, पण ज्या भागावर बोलायचंय तो काळा आणि बाकी सगळं फिकट राखाडी. इंकस्केपमध्ये नको असलेला भाग निवडून त्याच्या रेघांचा रंग बदलला की झालं. अख्खं सर्किट एका स्लाइडवर आणण्याचा हट्ट मला कधीच कळला नाही. परीक्षक ते वाचत नाहीत, त्यांना नुसतं ‘बरंच काम केलंय’ असं वाटतं.

प्रश्न : जर्नलने ६०० डीपीआय (इंचामागे ठिपके) मागितलं. फोटो एडिटरमध्ये ७२ काढून ६०० टाकलं, फाइल पाठवली, तरी परत आली.
– संशोधक विद्यार्थी, पुणे

तो आकडा फक्त लेबल आहे. तुमचं चित्र ७०० पिक्सेल रुंद होतं, ते ७००च राहिलं. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकांत एका कॉलमची रुंदी ३.५ इंच, आणि रेघांच्या आकृत्यांना ते ६०० डीपीआय मागतात. गुणाकार करा : २१०० पिक्सेल हवेत. ७०० पिक्सेल त्या जागेत बसवले तर २०० डीपीआय पडतात, लेबलवर काहीही लिहा. ‘रीसॅम्पल’ करून २१०० केले तरी एडिटर मधले पिक्सेल अंदाजाने भरतो, धुरकटपणा तसाच मोठा होतो.

जर्नल पीडीएफ किंवा ईपीएस घेत असेल तर तेच पाठवा (त्यांतही रेघा रेघाच राहतात), पिक्सेलचा प्रश्नच उरत नाही. टिफ किंवा पीएनजीच हवं असेल तर मूळ एसव्हीजीवरून इंकस्केपमधून ते पिक्सेल मोजून एक्स्पोर्ट करा. जेपीईजी मात्र सर्किटसाठी नको. ते चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत कापून आकुंचित करतं, त्यामुळे काळ्या रेघेभोवती राखाडी कचरा दिसतो. शिवाय रंगांची माहिती बहुधा निम्म्याच बारकाईने साठवतं, म्हणून लाल वायर कडेला पसरल्यासारखी होते. पीएनजी एकही पिक्सेल बदलत नाही, आणि दोन-चार रंगांच्या आकृतीची फाइल बहुतेकदा जेपीईजीपेक्षा लहानच निघते.

लेख मांडायला लेटेक हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर आकृती पीडीएफ करून घ्या, पीडीएफलेटेकला एसव्हीजी थेट चालत नाही. दहा-पंधरा घटकांचं सर्किट असेल तर सर्किटिकझेड पॅकेजमध्येच काढा, लेखातल्या समीकरणांचा टाइप आणि आकृतीतला टाइप एकसारखा येतो. मायक्रोकंट्रोलरचा पूर्ण बोर्ड मात्र त्यात काढायला जाऊ नका.

प्रश्न : वर्डमध्ये घातलं तेव्हा पीएनजी चांगलं होतं. सेव्ह करून पुन्हा उघडलं तर खराब. गाइडना व्हॉट्सॲपवर पाठवलं तर त्याहून खराब.
– एमटेक, मुंबई

वर्ड सेव्ह करताना चित्र दाबून लहान करतं. ‘ऑप्शन्स’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’खाली चित्राचा आकार आणि दर्जा यांचा भाग आहे, तिथे ‘चित्रं कॉम्प्रेस करू नका’ची खूण करा. ही खूण त्या फाइलपुरतीच असते. आणि एकदा दाबलेलं चित्र परत येत नाही, मूळ पीएनजी पुन्हा घाला. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रश्न : वडिलांनी हाताने काढलेलं बॅटरी चार्जरचं सर्किट आहे, तेही झेरॉक्सची झेरॉक्स. ग्राहकांच्या माहितीपत्रकात छापायचंय. इंकस्केपमध्ये ट्रेस केलं तर अक्षरं विचित्र झाली.
– वर्कशॉप मालक, कोल्हापूर

ट्रेसिंगला रेघ आणि डाग यातला फरक कळत नाही. नेहमीचं ट्रेसिंग प्रत्येक काळ्या आकाराची बाहेरची कड काढतं. एका वायरच्या जागी दोन कडांचा लांबट आकार मिळतो, आणि झेरॉक्सवरचा धुळीचा ठिपकाही तितकाच टोकदार, सुबक होऊन येतो. धोका तिथेच आहे. ‘४.७ के’मधला दशांशाचा ठिपका उडाला की ४७ के होतात, आणि आता ती चूक धुरकटही दिसत नाही.

हे सर्किट किकॅडमध्ये नव्याने काढा. तीसेक घटक असतील तर एका संध्याकाळचं काम. किमती लिहिताना ठिपका टाळा : ४.७ के ऐवजी ४के७, २.२ ओहम ऐवजी २आर२. ही पद्धत कारखान्यांत याचसाठी रुळली, कारण ठिपका कॉपीत हरवतो, अक्षर हरवत नाही. कागदावरची किंमत शंकास्पद वाटली तर चालू स्थितीतला एखादा जुना चार्जर उघडा, रेझिस्टरचे रंगपट्टे वाचा, आणि पट्टे जळून काळे पडले असतील तर एक टोक सोडवून मीटर लावा. मूळ कागद ६०० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये स्कॅन करून ठेवा, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात नको, नाहीतर वडिलांनी समासात पेन्सिलने केलेल्या नोंदी त्यात उतरणार नाहीत.