पहिली गाडी मागे आली पाहिजे

बाळ, अनेक आशीर्वाद.

आखातातल्या नव्या लाँच कोस्टरच्या, म्हणजे जोराने ढकलून सोडायच्या रोलर कोस्टरच्या, टेस्टिंगवर तुझी निवड झाल्याचं तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं. "वाळवंट, रात्रपाळी, एवढी उंच यंत्रं," म्हणाले. त्यांची समजूत मी घातली आहे. तुला मात्र सविस्तर लिहितोय, कारण या कामात मी २२ वर्षं काढली आणि माझ्या पहिल्या साईटवर मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

साखळीची कोस्टर गाडीला माथ्यावर नेऊन सोडते. लाँचमध्ये सगळी ताकद सुरुवातीच्या काही सेकंदांतच द्यायची आणि हात काढून घ्यायचा. न्यू जर्सीची 'किंगडा का' नावाची कोस्टर बघ. २००५ मध्ये सुरू झाली, २०२५ मध्ये पाडली. मनोरा १३९ मीटरचा. अकरावीतलं सूत्र घालून पाहिलंस तर तेवढं चढायला ताशी १८८ किलोमीटरच्या आसपास वेग पुरतो. गाडी सुटायची २०६ च्या वेगाने. मधली सगळी शिल्लक हवेच्या अडथळ्याला आणि चाकांच्या घर्षणाला. समोरून वारा आला, बेअरिंगमधलं ग्रीस थंड असलं, की ही शिल्लक संपते. गाडी माथ्याजवळ दमते आणि आल्या वाटेने मागे येते. यालाच रोलबॅक म्हणतात.

तो आपण स्वतः घडवून बघायचा, अगदी मुद्दाम. ताकद कमी ठेवून गाडी सोडायची, ती चढावर थांबेपर्यंत बघायचं आणि खाली येऊ द्यायची. लाँच ट्रॅकवर ब्रेकची पाती असतात. गाडी सुटताना ती खाली झोपलेली असतात आणि गाडी वरून गेली रे गेली की उभी राहतात. पहिल्या रात्री कंट्रोल रूममध्ये बसू नकोस. परवानगी असेल तिथे कठड्याबाहेर उभी राहा आणि कान दे. खट्, खट्, खट् असा एकामागून एक आवाज गाडीच्या पाठोपाठ धावत जातो. त्यात एक जरी खट् गळला, तरी तुझ्या कानाला कळायला हवं. पाती उभी राहिली की पुढचं काम चुंबकांचं, त्यांना वीज लागत नाही. म्हणून पाती उभी करणाऱ्या यंत्रणेची हवा तोडून बघ, वीज तोडून बघ. काहीही तोडलं तरी पाती उभीच राहिली पाहिजेत. व्यवस्थापनाला गाडी वळसा पूर्ण करून आलेली बघायची घाई असते. तू मात्र ती मागे येऊन थांबलेली बघितल्याशिवाय ताकद वाढवायला हो म्हणू नकोस.

मग डमी. माणसाच्या आकाराचे प्लास्टिकचे, पाणी भरलेले. रिकामी गाडी, भरलेली, फक्त पुढे भरलेली, फक्त एका बाजूला भरलेली, अशा सगळ्या तऱ्हांनी सोडायची. यात मी एकदा चुकलो. रात्री डमी भरले, पहाटे गाडी सोडली, लॉगबुकात 'पूर्ण भार' लिहिलं. वेगाचे आकडे अपेक्षेपेक्षा वेगळे आले, तर मी सेन्सरवर संशय घेतला. दिवसभर वायरी तपासल्या. संध्याकाळी एका पोरानं शेवटच्या डब्याखाली सुकलेल्या पाण्याचे पांढरे डाग दाखवले. चार डमींची बुचं सैल होती. सगळ्या फेऱ्या पुन्हा कराव्या लागल्या. तेव्हापासून मी प्रत्येक डमी हाताने दाबून बघतो आणि फेरीआधी एक व फेरीनंतर एक असं वजन लिहितो. तूही तसंच कर.

आखातात थंडीपेक्षा ऊन आडवं येतं. दुपारी रुळाला हात लावता येत नाही, चाकांवरचं पॉलियुरेथिन तापतं, लाँचच्या मोटारी एकामागून एक फेऱ्यांनी गरम होतात. पहाटेचा वेग दुपारी राहत नाही. अबू धाबीची फॉर्म्युला रोसा कोस्टर २०१० पासून ताशी २४० किलोमीटरने धावते. प्रवाशांना वाळूमुळे चष्मे देतात. तीच वाळू सेन्सरवरही बसते, हे विसरू नकोस.

धक्के मोजायची यंत्रं सीटवर बसवाल, तेव्हा नुसता कमाल आकडा बघू नकोस. तो किती वेळ टिकला तेही बघ.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २ जून २०१५, इंग्लंड, ऑल्टन टॉवर्स या पार्कमधली स्मायलर कोस्टर. ती लाँच कोस्टर नाही, पण आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने ती घटना पाठ करावी. एक जादा गाडी चालवायची म्हणून चाचणीची रिकामी गाडी सोडली. त्या दिवशी वारा होता. ती मधल्या खोलगट भागात अडकली. मागची १६ प्रवाशांची गाडी सिस्टिमने थांबवली, कारण पुढचा ब्लॉक, म्हणजे एका वेळी एकच गाडी असावी असा ट्रॅकचा तुकडा, मोकळा नव्हता. सिस्टिम बरोबर होती. अभियंत्यांना अडकलेली गाडी दिसली नव्हती, त्यांना वाटलं सिस्टिमच चुकतेय. त्यांनी तो अडथळा ओलांडून गाडी पुढे सोडली. दोन तरुण मुलींना एकेक पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला. त्या मुलींचं वय आठवलं की मला आजही कसंतरी होतं. तुझ्याच आसपासच्या होत्या त्या.

स्क्रीनवर 'ब्लॉक व्यापलेला' असं आलं, की रिसेटच्या बटणापासून हात लांब ठेव. बाहेर ये, जिना चढ, ट्रॅकवरच्या गाड्या डोळ्यांनी मोज. स्टेशनात किती, शेडमध्ये किती, बेरीज जुळली का. बेरीज जुळेपर्यंत साईट मॅनेजर मागे उभा राहून घड्याळ बघत असला तरी बघू दे. उद्घाटनाची तारीख छापलेली असेल, मंत्री येणार असतील, तरीही. नवीन आहेस म्हणून तुझ्यावर आवाज चढवतील. तेव्हा फक्त एवढंच म्हण: "मी अजून मोजलं नाही." आणि लॉगबुकात वेळ टाकून तेच लिही.

जायच्या आधी मला जाड तळव्याचे बूट घेतल्याचं कळव, जिने फार आहेत. आणि पहिल्या आठवड्यानंतर रिकाम्या गाडीचा माथ्यावरचा वेग पाठव, पहाटे ५ चा आणि दुपारी ३ चा. दोन्ही शेजारी मांडून बघू.

तुझा,
काका