२५ हजारांत माहेरच्या घराचं बाहेरचं रूप सुधारता येईल का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जळगाव जिल्ह्यात पारोळ्याजवळच्या खेड्यात आईवडिलांचं वीस बाय तीसचं घर. पुढची भिंत भाजक्या विटांची, उजवीकडची आणि मागची मातीची, डावीकडे चुलत्यांचं घर लागून, वर पत्रे. पुढच्या भिंतीचा जुना डिस्टेंपर पोपडे धरून गळतोय आणि खालचे दोन-तीन फूट बारा महिने ओलसर. तुमच्या पगारातून साठवलेले २५ हजार आहेत आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाल तेव्हा घर बाहेरून नीट दिसावं अशी इच्छा आहे. गावातला ठेकेदार म्हणतो, खाली टाइल्स लावू, वर भारी रंग मारू, सगळं झाकलं जाईल.

मी एरंडोल-अमळनेर भागात १४ वर्षं रंगकाम करतोय, वडील गवंडी होते. तुमचे पैसे पुरतील. फक्त त्या टाइल्स लावू नका.

माझ्या मावशीच्या घराला हेच केलं होतं आणि ते मीच सुचवलं होतं. पुढच्या भिंतीला लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारं मीठ, लागला होता. तीन फुटांपर्यंत टाइल्स बसवल्या, वर फिकट पिवळा रंग दिला. दिवाळीत घर इतकं उजळून दिसत होतं की गल्लीतले लोक थांबून विचारायचे. पुढच्या पावसाळ्यानंतर टाइल्सच्या वरच्या कडेला पांढरी बुरशीसारखी रेघ दिसायला लागली. बोट फिरवलं तर मीठ हाताला लागायचं. वर्षभरात लोणा साडेचार फुटांवर गेला, नवा रंग चपातीसारखा फुगून सुटला आणि दोन टाइल्स ठोकल्या तर आत पोकळ वाजायला लागल्या. मावशी काही बोलली नाही, पण तिचे १८ हजार गेले होते. भिंतीचं पाणी बाहेर पडायची वाट मी बुजवली होती, म्हणून ते वर चढलं.

लोणा म्हणजे काय होतं ते समजून घ्या, म्हणजे ठेकेदाराशी बोलता येईल. जमिनीतलं पाणी विटांच्या बारीक छिद्रांमधून वर चढतं, साधारण तीन फुटांपर्यंत. येताना मातीतले क्षार घेऊन येतं. पाणी हवेत उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे होतात, खडे फुगतात आणि गिलावा आतून ढकलतात. भिंतीला श्वास घेऊ दिला तर हे खाली राहतं. वरून टाइल्स, ऑइलपेंट किंवा नुसत्या सिमेंटचा जाड थर दिला की ते वरची वाट शोधतं.

वडील अहिराणीत एकच सांगायचे, "पयले पानी कथाईन येस ते दख, मंग रंगनं बोल." म्हणून आधी एक दिवस घराभोवती फिरा आणि पाणी कुठून येतंय ते बघा. न्हाणीचं सांडपाणी भिंतीला घासून जातं का? पत्र्याची पागोळी जोत्याच्या, म्हणजे घराच्या चौथऱ्याच्या, अगदी बुडाशी पडते का? गल्लीचा काँक्रीट रस्ता वर्षागणिक थर चढत चढत तुमच्या जोत्याच्या बरोबरीला आला आहे का? आमच्याकडच्या निम्म्या घरांना ही शेवटची अडचण असते. जोतं दोन फूट उंच बांधलेलं असतं आणि आज रस्त्यापासून चार बोटं उरलेलं असतं.

पागोळीचा उपाय स्वस्त आहे. चार इंची पीव्हीसी पाइप मधोमध उभा चिरून घ्या, त्याची पन्हाळ होते. पत्र्याच्या पुढच्या कडेखाली पट्ट्यांनी बसवा, एका टोकाला थोडा उतार द्या आणि तिथून पाणी पाइपाने खाली, घरापासून लांब सोडा. पिंप ठेवलंत तर पावसाळ्यात भांडी-कपड्याला तेच पाणी कामी येईल. सगळं मिळून दोन हजारांत होतं.

मग जोत्याच्या कडेने दोन फूट रुंदीची पट्टी खणा, मुरूम भरून चोपा आणि वर शहाबादी फरशी बसवा. दोन फुटांत दीड इंच उतार घराच्या उलट्या दिशेने. आपल्याकडे काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंतीच्या बुडाशी हे दरवर्षी चालू राहिलं तर घराचे कोपरे उकलतात. या पट्टीने तिथली माती सारखी ओली-कोरडी होणं पुष्कळ कमी होतं. कोपऱ्यात तिरकी भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. रंगाची वेळ येईपर्यंत भेग रेघेच्या पुढे गेली तर रंगाचा विचार सोडा आणि आधी जाणत्या गवंड्याला किंवा इंजिनिअरला दाखवा. केसाएवढी असेल आणि जागेवरच असेल तर काळजी नको, क्रॅक फिलरने भरता येते.

आता खालचे ओले तीन फूट. जुना गिलावा विटेपर्यंत टोकरून काढा. उघड्या विटांवर पांढरं मीठ दिसेल, ते कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका, धुतलं की मीठ परत विटेत जातं. आठ-दहा दिवस भिंत तशीच उघडी ठेवा, पुन्हा मीठ येईल, पुन्हा झाडा. बघायला बरं वाटत नाही, शेजारचे विचारतील, पण हे दिवस वाया जात नाहीत. मग एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू असा गिलावा करून घ्या. गवंडी म्हणेल नुसतं सिमेंट घालू, मजबूत होईल. ऐकू नका. चुन्यामुळे गिलावा थोडा मऊ राहतो आणि ओल बाहेर सोडतो. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. गावात नळाला रोज पाणी नसेल तर गोणपाट ओला करून भिंतीला लावून ठेवा, कमी पाण्यात भागतं.

मातीच्या भिंतींवर मात्र सिमेंट अजिबात नको. माती आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत. दोन पावसाळ्यांत सिमेंटचा अख्खा पापुद्रा भिंतीपासून सुटतो आणि पडताना मातीही घेऊन पडतो. तिथे मातीचाच गिलावा हवा. माती पांढरीतली घ्या, म्हणजे गावठाणातली, पडलेल्या जुन्या घराची मिळाली तर उत्तम. शेतातली काळी माती वाळली की तडकते. तिच्यात गव्हाचा भुसा आणि शेण घालून चार-पाच दिवस भिजत ठेवायची, रोज पायाने तुडवायची. वास यायला लागला की समजायचं तयार झाली. भिंतीवर पाणी शिंपडून पहिला हात जाड द्या. तो वाळताना बारीक तडे जातील, जाऊ द्या. दुसरा हात पातळ, चाळलेल्या मातीचा, हाताने सारवल्यासारखा. हे काम तुमच्या आईला माझ्यापेक्षा चांगलं येत असेल, त्यांना विचारा. खेड्यातल्या बायकांचं हे कसब आपण फुकट जाऊ देतोय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या भिंती सुकल्या की चुना. मी रोज ऍक्रिलिक रंग विकत घेऊन लावतो तरी सांगतो, मातीच्या भिंतीला चुन्याएवढं काही शोभत नाही आणि मानवत नाही. कळीचा चुना मिळाला तर पत्र्याच्या डब्यात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. तो खदखदून उकळतो, उडाला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावा, पोरांना लांब ठेवा, प्लास्टिकची बादली वापरू नका. रात्रभर मुरू द्या, जुन्या धोतराने गाळा. एक किलो चुन्याला साधारण पाच लिटर पाणी, ताकासारखं पातळ. कोमट पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक घाला, म्हणजे हाताला लागत नाही. चिमूटभर निळ घातली की पांढरा खुलतो.

पहिल्यांदा चुना मारणारी माणसं इथे घाबरतात. ओला चुना भिंतीवर जवळजवळ दिसतच नाही, मातकट पाणी मारल्यासारखं वाटतं आणि मग लोक जाड हात देत सुटतात. देऊ नका. तो हवा खात खात पांढरा होतो. संध्याकाळी मळकट दिसलेली भिंत सकाळी उठून बघावी तर डोळे दिपतात. पातळ तीन हात, प्रत्येकात एक दिवसाचं अंतर. आपल्या जिल्ह्यात सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, कोकणासारखा झोडपत नाही, त्यामुळे वळचण नीट असेल तर चुना बरा टिकतो. दर एक-दोन वर्षांनी एक हात दिला की झालं.

पुढच्या भिंतीच्या वरच्या भागावर आधी डिस्टेंपर आहे, तिथे चुना धरणार नाही. पोपडे पूर्ण खरवडा, पॉलिश पेपर मारा, धुऊन सुकू द्या, बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एक हात आणि एक्सटीरियर इमल्शन दोन हात. दारं-खिडक्या वगळून वरची जागा दीडशे चौरस फुटांच्या आतच भरेल. दोन हातांना लिटरला सुमारे ५० चौरस फूट धरा, म्हणजे चार लिटरचा डबा पुरून उरेल. दुकानदार वीस लिटरची बादली गळ्यात मारतो, घेऊ नका. बाहेर पुट्टीही नको, ओल लागली की तीच आधी सुटते.

रंग फिकट घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, गडद रंगाची भिंत रात्री उशिरापर्यंत घर तापवत ठेवते. फिकट पिवळा किंवा मोतिया चांगला. खालच्या नव्या गिलाव्यावर चुन्यात गेरू कालवून तीन फुटांचा तांबडा पट्टा द्या. पावसात जमिनीवरून उडणारे चिखलाचे शिंतोडे पांढऱ्यावर वर्षभर दिसतात, गेरूत मिसळून जातात. जुन्या घरांना बुडाशी हा पट्टा असायचा तो यासाठीच. आणि गेरू उन्हाने उडत नाही. बाजारातले भडक लाल-निळे रंग दोन उन्हाळ्यांत विटतात.

हिशेब साधारण असा बसतो, आमच्या इकडच्या भावाने: पन्हाळ २,०००, फरशीची पट्टी ४,५००, खालचा गिलावा मजुरीसकट ५,०००, मातीकाम घरच्यांनी हात लावला तर २,०००, चुना-गेरू-डिंक १,५००, पुढचा रंग रंगाऱ्याच्या दोन दिवसांसकट ४,५००, दार आणि ग्रिल १,५००. म्हणजे २१,०००. उरलेले चार हजार कुणाला सांगू नका, गिलावा काढल्यावर आत एखादी वीट कुजलेली निघतेच.

दाराबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, फक्त फोटोत हिरवा ऑइलपेंट दिसतोय. त्याच्याखाली सागवान असावं, कडीजवळ जिथे रंग उडालाय तिथे रेषा दिसतात. फुटक्या काचेच्या सरळ धारेने, जाड हातमोजे घालून, हळूहळू खरवडा. एक फळी झाली की पुढची करायचा हुरूप आपोआप येईल. मग पॉलिश पेपर, आणि बेलतेलात (उकळलेल्या जवसाच्या तेलात) थोडं टर्पेंटाइन मिसळून फडक्याने पातळ दोन-तीन हात. तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. उघडं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. ग्रिलला वायर ब्रश, रेडऑक्साइड आणि काळा ऑइलपेंट. रस्त्यावरून येणारा माणूस भिंतीच्या आधी दार बघतो. दीड हजारात एवढा फरक दुसरं काहीच पाडत नाही.

झाडांचं एकच. बोगनवेल ओट्याच्या टोकाला, भिंतीपासून तीन फूट लांब, जुन्या ड्रममध्ये. पाणी कमी लागतं आणि मे महिन्यात फुलते. भिंतीला चिकटून वेल चढवू नका, आत्ताच ओल घालवली आहे.

आखाजीला अजून अडीच महिने आहेत, तेवढे पुरतात. या आठवड्यात पन्हाळ आणि गिलावा काढणं, मग भिंत उघडी, मग फरशी आणि नवा गिलावा, तोवर माती भिजत घाला. रंग आणि चुना चैत्र लागायच्या आधी उरका, आणि सकाळी दहाच्या आत किंवा भिंत सावलीत आल्यावरच. तापलेल्या भिंतीवर रंग धरायच्या आधीच वाळतो आणि मग कुंचल्याचे ओरखडे कायमचे दिसतात. दाराला आणि उंबरठ्याला शेवटचा तेलाचा हात आखाजीच्या निदान आठ दिवस आधी द्या. उशीर झाला तर घागर पुजायला येणाऱ्यांच्या पायाला आणि नव्या लुगड्यांच्या काठांना ते तेल लागेल.