मिथ्र, मित्र आणि अर्जातले ‘मे.’

प्रश्न असा: रोमन साम्राज्यात पुजल्या गेलेल्या मिथ्रस या देवाच्या देवळाला ‘मिथ्र लेणे’ म्हणावे का, आणि हा मिथ्र म्हणजे आपला वेदांतला मित्र देवच का?

लेणे म्हणू नका. हा शब्द वाटेल तिथे चिकटवलेला वाचून वीट आला आहे. लेणे डोंगरात कोरतात. रोमनांनी बहुतेक ठिकाणी बांधीव तळघराला कमानदार छत घालून गुहेचा भास आणला. मधे बोळ, दोन्हीकडे पहुडून जेवायचे ओटे, समोर मिथ्रस बैल मारतो तो कोरीव मूर्तिपट. रोममध्ये सान क्लेमेंते चर्चच्या खाली ही रचना अजून दिसते. शिलालेखांत तिला ‘स्पेलेउम’, म्हणजे सरळ गुहाच, म्हटले आहे. तेव्हा ‘मिथ्रगुहा’ लिहा.

आता मित्र. निरुक्तकार यास्क म्हणतो ‘प्रमीतेः त्रायते’, मरणापासून राखतो तो. ही ओढाताण आहे. मिद् (स्नेह) धातूपासूनची व्युत्पत्ती कोशांत दिलेली असते, तीही टिकत नाही. इराणी भाषांत त-द अशा दंत्यावर दंत्य आला की पहिल्याचा ‘स’ होतो: संस्कृत ‘वित्त’, तर अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, ‘विस्त’. धातू मिद् असता तर अवेस्तात ‘मिस्त्र’ मिळाले असते, मिळते ‘मिथ्र’. आणि तिथे त्याचा साधा अर्थ आहे करार. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९०७ मध्ये हेच मांडले: मित्र म्हणजे मूर्तिमंत करार. इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या हित्ती आणि मितान्नी या पश्चिम आशियातल्या राज्यांच्या तहात मित्र-वरुण साक्षीला आहेत, ते याला जुळतेच. वचनाने बांधलेला तो मित्र, स्नेह नंतरचा.

खरी गंमत पुढे आहे. मिथ्रचे पहलवीत, म्हणजे मधल्या काळातल्या फारसीत, मिह्र झाले, फारसीत मेहेर: सूर्य आणि माया, दोन्ही. त्याला दरबान-बागबानातला राखणारा ‘बान’ लागला की मेहेरबान. कोर्टाच्या अर्जावर ‘मे. न्यायाधीश साहेब यांचे कोर्टात’ लिहितात, त्या ‘मे.’मध्ये हाच देव आहे. पारशांच्या अग्यारीचे ‘दर-ए-मेहेर’ हे नावही त्याचेच.

नाव एक, म्हणून पंथही एक, असे मात्र नाही. बेल्जियन अभ्यासक फ्रान्झ क्यूमाँ यांनी रोमन पंथ म्हणजे इराणी धर्माचेच रोपटे मानले, ते चूक. अवेस्तात मिथ्र बैल मारतच नाही. बुंदहिश्न या पहलवी ग्रंथात आद्य बैलाचा घात अह्रिमन हा दुष्ट आत्मा करतो. रोमन पटावर मिथ्रस बैलाच्या पाठीत गुडघा रोवतो, नाकपुड्या धरून मान मागे खेचतो, खांद्यात खंजीर खुपसतो आणि तोंड दुसरीकडे फिरवतो. कुत्रा नि साप रक्ताकडे झेपावतात, विंचू वृषणाला डसतो, शेपटीच्या टोकाला गव्हाच्या ओंब्या फुटतात. यातले काय इराणी? माझ्या मते जुना अर्थ उरला तो हातात. काही पटांवर मिथ्रस आणि सूर्य उजवा हात मिळवतात, आणि पंथाची दीक्षा घेतलेल्यांना ‘सिंडेक्सी’ म्हणत, म्हणजे उजवे हात मिळवलेले. करार असाच होतो.

पटाखाली ‘बैलाचा बळी’ लिहितात, तेही सोडा. बळीला वेदी हवी, पुरोहित हवा. त्या झटापटीत दोन्ही नाहीत. ‘वृषभवध’ लिहा.